सरदाराच्या पायाशी

जेवण झाल्यावर सोहे खड्ड्यात उतरली ती फक्त विसरलेला, माती झाडायचा ब्रश आणायला. गोर्योंगच्या टेकडीवर गाया नावाच्या प्राचीन राज्यातल्या एका सरदाराची कबर खणायचं काम चाललं होतं. मधे सरदाराची दगडी खोली आणि भोवती बत्तीस अरुंद दगडी पेट्या. सरदार मेला तेव्हा त्याची चाकरमाणसंही मारून सोबत पुरलेली. त्याला दीड हजार वर्षं झाली. पेटी आतापर्यंत एकच उघडली होती, सरदाराच्या पायाशी असलेली. तिच्यातल्या पोरसवदा मुलीची हाडं सकाळीच खोक्यात भरून शहरात तपासणीला गेली होती.

त्या मुलीचे गुडघे पार झिजलेले होते. "बिचारीचा जन्म गुडघ्यांवर बसण्यात गेला," सोहे हळहळली होती.

"आणि तू दिवसभर काय करतेस गं?" मजुरीला येणाऱ्या मासून आजीनं टोमणा हाणला होता. "फक्त सरदाराकडे तोंड करून गुडघे टेकू नकोस. मोठ्यांपुढे बसलं की ते सांगेपर्यंत उठायचं नसतं."

"आजी, तो कधीच मेला!"

"तेच म्हणते मी. मग ऊठ म्हणून सांगणार कोण?"

ब्रश त्याच पेटीच्या कोपऱ्यात पडला होता. सोहेनं गुडघे टेकले, ब्रश उचलला, उठायला गेली... आणि उठेचना.

मुंग्या आल्या असतील म्हणून तिनं पाय चोळले. पायाची बोटं हलत होती, पण गुडघे कोणी मातीत रोवून ठेवल्यासारखे घट्ट. तिनं दगडाला धरून जोर लावला. दोन नखं मोडली. वर लख्ख ऊन होतं, गडीमाणसं हसत होती, आणि खाली ओल्या मातीचा, जळक्या तेलाचा वास दाटत चालला होता. हळूहळू मानही खाली गेली, ती वर होईना. ओरडायला म्हणून तिनं तोंड उघडलं, तर शब्द निघाला एकच.

"जी..."

अगं बाई, हे मी का म्हणाले?

"अगं ए, कॉफी निवतेय!" म्हणत आजी कडेला आली. खाली बघताच तिचं हसू मावळलं.

"आजी... मला उठता येत नाहीये..."

जन्मभर दुसऱ्याच्या शेतात वाकलेली ती बाई, पण कंबरेवर हात ठेवून अशी कडाडली की गडीमाणसं गप्प झाली.

"ऊठ! त्याची चाकरी पुरे झाली. चल माझ्याकडे!"

त्या क्षणी गुडघे सुटले. सोहे धडपडत वर आली आणि आजीच्या गळ्यात पडून रडली. मागे बंद पेट्यांमधून खसफस ऐकू आली, माती सरकल्यासारखी... या पेटीतून, मग त्या.

दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या एकतीस पेट्या उघडल्या. भांडी होती, कानातली होती, हाड एकही नाही. इथली माती हाडं खाते, असं खोदकामाचे साहेब म्हणाले. आजी मात्र त्या दिवसानंतर कामावर आलीच नाही.

सगळ्या पेट्या उघडून झाल्यावर सोहे तिच्या घरी गेली. अंगण लख्ख झाडलेलं, चुलीवर पाणी तापलेलं. एकट्या म्हातारीच्या घरात! आजी खोलीत, चुलीच्या धगीनं जमीन तापते त्या उबेच्या जागी बसली होती, चेहरा पांढराफटक. सोहेनं रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि समोर गुडघ्यांवर बसली.

"कामावर का नाही आलात, आजी?"

"जाऊ देत नाहीत गं..." आजी कुजबुजली. "दाराशी गेले की सगळे रांगेनं गुडघे टेकतात. वाटच राहत नाही."

"कोण?"

"त्या दिवशी 'चल माझ्याकडे' म्हटलं ना मी, ते आले."

"मग परत जा म्हणा ना त्यांना!"

"म्हटलं. मालकीण मरेपर्यंत चाकरी, म्हणतात. आणि मेल्यावर सोबत." परसातून माती खणल्याचा आवाज येत होता, सावकाश, थांबत थांबत. "एकतीस आहेत गं. पायाशी बसणारी तेवढी यायची राहिलीय, म्हणतात..."

सोहेनं उठायला जमिनीवर हात टेकले. पुन्हा टेकले.

"आजी... मला ऊठ म्हणा ना..."

आजीचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. बाहेरून कोणीतरी दार अलगद ओढून घेतलं.