तेरेरे नावाचा सेमाफोर

देरलिसचा प्रोग्राम मजेत चालला होता आणि कोपऱ्यातली एक मुलगी चिडली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे सान लोरेन्सोच्या त्या तापलेल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आधी तिच्याच लक्षात आलं.

"माझा सेमाफोर कोण धरून बसलंय रे?"

"नाव काय त्याचं?"

"तेरेरे."

देरलिसने जीभ चावली. त्याच्याही सेमाफोरचं नाव तेच! तेरेरे म्हणजे इथला पाल्याचा थंडगार चहा, आणि त्याचा पेला सगळ्यांत एकच असतो. एकजण पितो, बाकीचे वाट बघतात. एका वेळी एकाच प्रोग्रामला आत सोडणारा सेमाफोर तरी दुसरं काय करतो? मग इथल्या पोरांना वेगळं नाव सुचणार कुठून! पण सर्व्हर सगळ्यांचा एकच, आणि कुणीही उघडावा अशी परवानगी दोघांनीही देऊन ठेवलेली. नाव एक, म्हणून सेमाफोरही एकच. देरलिसच्या प्रोग्रामने तो घेतला की त्यातला आकडा एकाचा शून्य व्हायचा, आणि तो सोडेपर्यंत तिचा प्रोग्राम दाराशी ताटकळत उभा.

"मी बदलतो नाव," तो म्हणाला.

"बदल," ती मुलगी, आरामी, म्हणाली. पण बघत राहिली... जरा जास्तच.

एका ओळीचं काम. नऊ आठवडे त्याने ते केलं नाही. उलट सेमाफोर हातात असताना प्रोग्राम पाच सेकंद झोपायचा, त्याचे वीस केले. हिशेब साधा होता — वीस सेकंद तिची स्क्रीन थांबणार, वीस सेकंद ती मान वळवून त्याच्याकडे बघणार. दुपारभरात चारदा. बाकीचा दिवस तेवढ्यावर काढायचा.

बोलणं मात्र "सोड ना रे!" आणि "सोडतो, सोडतो" यापुढे सरकलं नाही.

नवव्या आठवड्याच्या शुक्रवारी लॅबच्या बाईंनी फर्मावलं, "प्रत्येकाने सेमाफोरच्या नावात आपला हजेरी क्रमांक घालायचा." आणि त्याच संध्याकाळी आरामी नोकरीसाठी दूरच्या एन्कार्नासिओनला निघणार होती. कायमची.

देरलिसने नाव बदललं. त्याचा प्रोग्राम सरळ धावला, तिचाही. कुणी कुणासाठी थांबलं नाही. तिने मान वळवली नाही. इतका निर्दोष प्रोग्राम त्याने आयुष्यात लिहिला नव्हता, आणि त्याला तो बघवेना.

पिशवी खांद्याला अडकवून ती त्याच्या खुर्चीमागे आली.

"चालला नीट?"

"चालला."

"अरेरे."

तो गर्रकन वळला.

"पाचाचे वीस केलेस, तेव्हाच कळलं होतं मला, शहाण्या. एक ओळ काय मला लिहिता येत नाही?"

"मग तू का नाही —"

"आधी तू सांग. सहाची बस आहे माझी."

"आरामी, सोमवारी तू इथे नसशील, आणि मला... म्हणजे मी..."

तिने पिशवी टेबलावर ठेवली. "साडेआठलाही एक असते. बोल."

तो बोलला. अडखळत, थांबत, एकदा तर पहिल्यापासून पुन्हा. ती एकदाही "लवकर" म्हणाली नाही.

साडेआठला तिने बसच्या खिडकीतून विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील?"

"सहा तासांचा रस्ता आहे गं..."

"रस्ता मला माहीत आहे. येशील का ते विचारलं."

"पहाटेच्या बसने."

बस गेली. शनिवारला आठ दिवस होते, आणि त्यातला पहिलाच सरेना.