दिवाकरचं नेलकटर

मयूर, थांब. पाण्यात पाय घालू नकोस. गळाची दोरी कापायला गळ्यात नेलकटर आहे का तुझ्या? बॅगेत आहे म्हणे. बॅगेत ठेवून काय, घरी जाऊन नखं काढायचीत? ये वर. निकिता, तूही ये. चहा उकळतोय तोवर बसा इथे, आणि तो टॉर्च माझ्या डोळ्यांवर मारू नका. एक गोष्ट सांगतो. इथून दोन वळणं वर घंगाळ्या डोह आहे ना, तिथे घडलेली. ज्याच्यावर बेतली तो शेखर माझ्या चांगला ओळखीचा होता. त्याने स्वतः लिहिलेली चार पानं मी वाचली आहेत. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

दोन हजार पंचवीसची रंगपंचमी. बुधवार, एकोणीस मार्च. नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडल्या होत्या, माणसं रंगात बुचकळून निघत होती, आणि शेखर गल्लीबोळांतून रंग चुकवत पंचवटीत मालिनीवहिनींच्या दारात उभा होता. वहिनींच्या घरी त्या दिवशी वर्षश्राद्ध होतं, त्यांच्या नवऱ्याचं, दिवाकरचं. शेखरचा वीस वर्षांपासूनचा मित्र. आदल्या रंगपंचमीला याच दारणा नदीत बुडाला.

दिवाकर म्हणजे रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या घरातला. वडील यात्रेकरूंचे विधी करायचे, हा विम्याच्या कचेरीत नोकरीला. घरात मासा शिजणं सोडा, त्याचं नाव निघायचं नाही, आणि याला नाद लागला तो मासे धरण्याचा! धरायचा, डोळे भरून बघायचा, परत सोडायचा. आई म्हणायची, अरे सोडायचेच आहेत तर धरतोस कशाला? पिसांचे गळ, तुम्ही फ्लाय म्हणता ते, तो घरीच बांधायचा. कोंबड्याचं पीस, आणि त्यावर पूजेच्या ताटात उरलेला लाल दोरा. शेखर आणि तो दर रंगपंचमीला रंगापासून पळून घंगाळ्यावर यायचे. वीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. अशी मैत्री मी तरी दुसरी पाहिली नाही, म्हणून तर मला अजून राग येतो.

दोघांचा एक नियम होता. मासा ज्याला लागला त्याने काठावर रॉड धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पाण्यात उतरून मासा हाताने सोडवायचा. खडकावर ओढायचा नाही, त्याचे खवले निघतात. आणि गळ्यात नेलकटर हवंच. पाण्यातल्याच्या अंगाला दोरी गुंडाळली तर काठावरच्याने टक्कन कापायची, मग मासा कितीही मोठा असो. दिवाकरचं नेलकटर त्याच लाल दोऱ्यात अडकवलेलं असायचं. ते दातांत धरायची त्याला खोड होती, चरे पडले होते त्यावर.

तर शेखर दारात उभा. वहिनींनी त्याला जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर एक पत्र्याची डबी आणून दिली. आत दिवाकरने बांधलेले गळ होते.

"भावजी, एवढं काम करा. ही डबी त्यांच्या त्या डोहात सोडून या. घरात ठेवली की मला झोप लागत नाही."

"आजच जातो, वहिनी."

शेखर चपला घालायला वाकला, आणि वहिनींनी वर्षभर विचारलेलंच परत विचारलं. "शेवटी काहीच बोलले नाहीत का हो? एखादा शब्द?"

"नाही वहिनी. पाय घसरला आणि... वेळच मिळाला नाही."

खोटं. साफ खोटं!

त्या बाईला फक्त तेवढंच हवं होतं, पोरांनो. शेवटचा शब्द. आणि तो शब्द या माणसाने वर्षभर पोटात दडवून ठेवला होता. खरं काय घडलं होतं ते ऐका. शेखर वीस वर्षं ज्याच्या मागे होता तो महाशीर त्या संध्याकाळी त्याच्या गळाला लागला. मांडीएवढा मासा. नियमाप्रमाणे दिवाकर पाण्यात उतरला. मासा त्याच्या हातात आला, उसळला, आणि दोरीचा वेढा दिवाकरच्या उजव्या मनगटाला बसला. पुढून मासा ओढतोय, मागून शेखर, आणि मधे मनगट. एका बाजूने दोरी कापली असती तर वेढा सुटला असता. दिवाकर घसरला, छातीपर्यंत गेला, डाव्या हाताने खडक धरला आणि ओरडला, "शेखर, काप!"

शेखरने नेलकटर हातात घेतलं. उघडलं. दोरीला लावलं.

आणि थांबला.

मासा जाईल म्हणून थांबला. दिवाकर तीनदा ओरडला. मग ओरडला नाही. थोड्या वेळाने दोरी आपोआप तुटली. दुसऱ्या दिवशी वरच्या मळ्यातल्या भिमाजीने दिवाकरला बाहेर काढलं. मनगटावर वळ होता, खडकाने झाला असेल म्हणाले सगळे. गळ्यात नेलकटर नव्हतं, वाहून गेलं असणार. शेखरने स्वतःचंही त्याच संध्याकाळी डोहात फेकून दिलं होतं. पुन्हा कधी घेतलं नाही.

आता डबी. डबी सोडायची म्हणजे काय काम होतं? जायचं, हात जोडायचे, पाण्यात टाकायची, परत यायचं. पण हा पठ्ठ्या घरी गेला आणि रॉड घेऊन निघाला. रिळावर नवी कोरी पोपटी दोरी, त्याच आठवड्यात आणलेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

साडेपाचला त्याने भिमाजीच्या मळ्याशी स्कूटर लावली. भिमाजी टोमॅटोला पाणी देत होता. रॉड पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, आज त्येंची तिथी हाय ना?"

"हो. डबी सोडायला आलोय."

"मग ही काठी कशाला?"

शेखरने रॉड पाठीमागे घेतला. भिमाजी म्हणाला, "सोडा आन् दिस बुडायच्या आत निघा. आज चंद्र लय उशिरा उगवंल, साडेधा होतील. अंधारात त्या डव्हावर आमच्यातलं कोनी थांबत नाय."

"हा काय, गेलो आणि आलो."

डोहावर वारा नव्हता. शेखरने खडकावर बसून डबी उघडली. बारा गळ, एकाहून एक सुंदर, लाल दोऱ्याने बांधलेले. तो बराच वेळ बघत बसला. मग त्यातला एक त्याने उचलला आणि पोपटी दोरीला बांधला. एकदाच, म्हणाला मनाशी. याच्या हातचा गळ याच्याच डोहात एकदा टाकू आणि मग सगळं सोडून देऊ. स्वतःला फसवायला माणसाला किती थोडं लागतं बघा.

एकदाचं दहादा झालं, दहाचं पन्नासदा. सूर्य गेला. भिमाजीची पाण्याची मोटार बंद झाली. समोरचा काठ दिसेनासा झाला. घड्याळात सात पस्तीस.

आणि गळ ओढला गेला.

तसाच. वर्षापूर्वी ओढला होता, अगदी तसाच. शेखरने ओळखला तो झटका. पण आज पाण्यात उतरायला दुसरं कोणी नव्हतं. मग याने काय करावं? रॉड काठावरच्या दोन धोंड्यांमध्ये घट्ट खोचला, दोरी हातात धरली आणि स्वतःच पाण्यात उतरला.

गुडघाभर. कमरेभर. पाणी कोमट होतं, दिवसभर तापलेलं. दोरी हाताने ओढत तो पुढे गेला. दोरी आधी सैल आली... मग एकदम हिसका बसला. वेढा पडला. उजव्या मनगटाला.

घाबरला नाही तो आधी. मागची दोरी सैल होती ना. हात फिरवला की वेढा सुटणार होता. त्याने हात फिरवला.

मागून आवाज आला.

टिक्... टिक्... टिक्...

रिळाचा.

मागची दोरी पाण्यातून वर आली. ताठ झाली. कोणीतरी रीळ गुंडाळत होतं. सावकाश. घाई नव्हती त्याला.

"कोण आहे? भिमाजी?"

रीळ फिरतच राहिलं.

शेखरने मान वळवली. काठावर अंधारात अंधार उभा होता. माणसाएवढा. रॉड त्याच्या हातात. सगळा भार डाव्या पायावर. उजवा गुडघा किंचित वाकलेला... असं कोण उभं राहायचं ते शेखरला वीस वर्षं माहीत होतं.

वेढा आवळला. पुढून ओढ, मागून ओढ. पुढे जे होतं तो मासा होता असं शेखरने कुठेही लिहिलेलं नाही.

त्याचा डावा हात गळ्याशी गेला. गळ्यात काही नव्हतं.

पाय घसरला. पाणी छातीला लागलं. त्याने डाव्या हाताने खडक धरला. तोच खडक, बरं का.

"दिवाकर..."

वेढा आणखी आवळला.

"दिवाकर, काप!"

काठावरच्याने हात गळ्याकडे नेला. शेखरला काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. नेलकटर उघडल्याचा बारीक आवाज. मग ते दोरीला लागल्याचं दोरीतून मनगटाला कळलं. आता कापणार...

थांबला.

नुसता उभा राहिला.

"काप रे! चुकलो मी... काप!"

दोरी तशीच ताठ. एक बेडूक ओरडत होता, तोही बंद झाला. पाणी हनुवटीला. बोटं बधिर. शेखर ओरडत होता. आठ वाजले असतील, नऊ वाजले असतील. एकच शब्द. घसा फाटला तरी तोच. दिवाकरला दोन मिनिटांपलीकडे सोसावं लागलं नव्हतं. याला संपूच दिलं नाही. खाली गेला की मागून दोरी ताणायची, नाक वर यायचं. नाक वर आलं की पुढून ओढायचं. मरायची मुभा नाही. सुटायचीही नाही.

साडेदहाला चंद्र वर आला. काठ उजळला.

काठावर कोणी नव्हतं.

रॉड धोंड्यांत होता तसाच. दोरी मात्र ताठ... हवेत...

आणि कानाशी, अगदी कानाशी...

टक्.

सकाळी स्कूटर तिथेच दिसली म्हणून भिमाजी धावत डोहावर आला. शेखर काठाला पडला होता, पाय पाण्यात, उजवा पंजा काळानिळा. जिवंत होता. भिमाजीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "शेखर, काप."

भिमाजी मला म्हणाला, "अण्णा, तोंड या साहेबाचं व्हतं, पन आवाज त्या साहेबाचा व्हता. इतकी वर्सं त्येचा आवाज आईकलाय, मी हातानं वडून काढलेलं मानूस हाय ते, माजं आईक."

दवाखान्यात हात वाचवला, पण त्यात जीव आला नाही. अजून लोंबतो. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले मेंदूला धक्का बसलाय, अशा पेशंटची सगळी भाषा जाते आणि एखाद-दुसरा शब्द तेवढा राहतो. असेल. ते शिकलेले लोक आहेत. याचे राहिले ते दोनच शब्द.

तिसऱ्या दिवशी मालिनीवहिनी भेटायला आल्या. मी होतो तिथे. डबा आणला होता बिचारीने, मऊ भात आणि मेतकूट. कॉटशेजारी बसल्या. "कसं वाटतंय, भावजी?" म्हणाल्या.

शेखरने तोंड उघडलं. बंद केलं. दोन्ही ओठ दातांत दाबून धरले, घाम फुटला त्याला. तरी आलंच.

"शेखर, काप."

वहिनी हलल्या नाहीत. नवऱ्याचा आवाज ऐकला की बायकोला कोणी समजावून सांगावं लागत नाही. डबा हातात तसाच धरून किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. शेखर रडत होता आणि रडता रडता पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. मग त्याने खुणेने कागद मागितला. डाव्या हाताने वेडंवाकडं लिहीत त्याला दोन दिवस लागले. चार पानं. काही लपवलं नाही.

पाचव्या दिवशी वहिनी पुन्हा आल्या, माझी वाचून झालेली ती पानं त्यांनी वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. म्हणाल्या, "वर्षभर मी एकच विचारत होते. आता रोज सांगा. मरेपर्यंत सांगा." उठल्या आणि गेल्या. परत कधी आल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

शेखर अजून आहे. बायको दळण आणायला पाठवते तेव्हा गिरणीवाल्याला हेच म्हणतो. झोपेतही म्हणतो.

मयूर, चहा घे. थंड होतोय... नाही, संपली नाही अजून.

त्या शेवटच्या दिवशी वहिनी वॉर्डातून निघाल्या तेव्हा नर्सने त्यांना हाक मारली. पेशंटच्या अंगावरचं सामान एका पिशवीत होतं, घरच्यांना द्यायचं होतं, आणि वहिनीच घरच्या आहेत असं तिला वाटलं. घड्याळ, पाकीट, किल्ली. आणि गळ्यात सापडलेलं एक नेलकटर. शेखरच्या गळ्यात! ज्याने वर्षभर नेलकटरला हात लावला नव्हता.

वहिनींनी ते माझ्या हातावर ठेवलं. लाल दोऱ्यात ओवलेलं. दातांचे चरे. गंजून गच्च झालेलं, फटीत डोहाचा गाळ वाळून दगड झालेला. मी उघडायला गेलो. उघडेना. पकड घेऊन जोर लावला, तरी नाही. वर्षभर पाण्याखाली असलेली वस्तू, उघडेल कशाला?

मग मी ते उजेडात धरलं. घट्ट मिटलेल्या त्या गंजक्या पात्यांमध्ये काहीतरी चिमटलेलं होतं. नखाएवढं.

पोपटी दोरीचा तुकडा. नवा कोरा.