शिवशरण उभाच होता

मी शाळामास्तर. वर्गात भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच बाकावर उभं केलंय. तरी ही एक गोष्ट सांगतो, आणि मान खाली घालून सांगणार नाही.

सप्टेंबर अठ्ठेचाळीस. निजामाच्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली, आमचा स्वातंत्र्यसैनिकांचा सरहद्दीवरचा कॅम्प उठला आणि मी मुरूम गावी निघालो. काम साधंच होतं. माझा सोबती शिवशरण पंधरा दिवसांपूर्वी रझाकारांच्या गोळीनं पडला होता. त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या आईला, गंगम्माला, पोचतं करायचं होतं.

भर दुपारी पेठेत हलगी कडाडत होती. चौकीवर तिरंगा चढला होता. बघून माझा ऊर भरून आला. शिवशरणच्या गल्लीत मात्र सामसूम होती. त्याला दोनदा आपल्या घरात लपवणारी शेजारची बानूबाई आता जिंकलेल्यांच्या भीतीनं घराला कुलूप लावून निघून गेली होती. गल्लीत घोंगडी जळाल्यासारखा वास येत होता.

गंगम्मा उंबऱ्याशी बसली होती. लिंग तिनं डोळ्यांना लावलं.

"माझ्या लेकानं झेंडा लावला, मास्तर."

"हो अव्वा, त्यानंच."

"एक इचारते. मातीत त्येला नीट बसवलं हुतं न्हवं?"

लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून, तळहातावर लिंग देऊन मातीत बसवतात. कॅम्पावर दुःखाच्या भरात मला ते सुचलंच नव्हतं. माझ्या घरच्या रीतीनं, मंत्र म्हणत, मी त्याला अग्नी दिला होता.

"हो," मी खोटं बोललो.

तिनं मान वळवून दाराकडं पाहिलं.

"मग त्यो बसंना का...? झेंडा चढला तवाच आला. दारामागं हाय. बस म्हणलं, तर म्हणतो, अव्वा, बसता येत न्हाय..."

मी आत डोकावलो. दारामागं कुणी नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर राखेची दोन पावलं होती. जळका वास तिथूनच येत होता. बघता बघता तिसरं उमटलं... माझ्याकडं.

मग मी सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही.

"चुकलात. पर त्येला टाकून न्हाय आलात. उठा, कुदळ घ्या."

दिवस मावळायच्या आत आम्ही तिच्या शेतात खड्डा खणला. बसलेल्या माणसाचा तळहात येईल तेवढ्या उंचीवर, खड्ड्यातल्या मातीच्या ढिगावर, तिनं लिंग ठेवलं.

"बस, लेकरा. जिंकलास न्हवं? आता बस."

मी माती लोटली. ती एकदम खाली दबली, कुणी दमलेला माणूस मांडी घालून बसावा तशी. गंगम्मानं पदर सावरला आणि मान ताठ केली. तसा अभिमान मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.

दर सतरा सप्टेंबरला मी मुरूमच्या झेंडावंदनाला जातो. सगळे ताठ उभे असतात, मीही असतो. झेंडा वर जाऊ लागला, की माझ्या डाव्या गुडघ्याला खाली बसलेल्या कुणाचा तरी खांदा टेकतो... मी बाजूला सरकत नाही.

घरी येऊन बघतो, तर धोतराला गुडघ्यापाशी राख लागलेली असते. हाताला अजून गरम लागते.