दगड दोन फूट सरकला

अनुजा सरनोबत कोल्हापूरच्या खासबागेजवळच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात शिरली, तेव्हा सयाजी खोत भडंग खात होता आणि संयोगिता इंगवले त्याला भडंगात कांदा इतका कमी का, याचा जाब विचारत होती. संयोगितानं सिटी सर्व्हेत अठरा वर्षं जमिनी मोजल्या होत्या. आता ती खासगी चौकशा करी. सयाजी एसटीतला निवृत्त कंडक्टर. तो तिची गाडी चालवी आणि बहुतेक वेळा चुकीचे अंदाज बांधी.

"मॅडम, आज सूर्य मावळायच्या आत माझी नोकरी जाणार हाय," अनुजा म्हणाली. "अजून लागली पण न्हाई, तोवर जाणार."

सयाजीनं पुडी तिच्यापुढे सरकवली. तिनं मान हलवली. तिची पोलीस भरतीत निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी याच आठवड्यात व्हायची होती. नेमकं आता शेजारचे अण्णासो मगदूम तिच्या नावानं पोलिसांत तक्रार देणार होते. हद्दीचा दगड तिनं सरकवला, म्हणून.

"सूर्य मावळायच्या आतच का?" सयाजीनं विचारलं. "ठाणं काय रात्री झोपतंय व्हय?"

"अण्णा जैन हाईत की. दिवस असतानाच जेवत्यात. आज जेवून उठलो की तडक ठाण्यात जातो म्हणालेत."

फुलेवाडीच्या टोकाला सरनोबत आणि मगदूम यांची घरं शेजारी-शेजारी. मधून दहा फुटांची वाट, पाच फूट यांचे, पाच फूट त्यांचे. वाटेच्या आतल्या टोकाला मधोमध हद्दीचा दगड. ट्रॅक्टर आडवा लावला, गाडी आडवी लावली, शेण पडलं, पाणी सोडलं, अशी वीस वर्षं भांडणं झाली होती. यंदा मात्र अनुजाचे आजोबा गणपतराव आणि अण्णासो या दोघांना एकदमच कंटाळा आला. वाट कायमची सामाईक राहील, तिच्यात कुणीही भिंत घालणार नाही, असा कागद येत्या सोमवारी करायचा ठरला होता. आणि चार दिवसांपूर्वी, बैलांच्या सणाच्या, म्हणजे बेंदराच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, दगड मगदुमांच्या बाजूला दोन फूट आत गेलेला दिसला.

"तुला बघितलं कुणी?"

"रत्नाकाकूंनी. अण्णांच्या मालकिणीनं. बेंदराच्या दिवशी मी पहार घेऊन दगडापाशी होते म्हणत्यात."

"होतीस?"

"न्हाई. मी शाहूवाडीला मामाकडं भातलावणीला गेलते. घरातली बाकी सगळी माणसं बैलं घेऊन मळ्यात. घराला कुलूप हुतं."

"साक्षीदार?"

"मामा, मामी आन् दोन म्हशी. मामा भाचीकडूनच बोलणार, म्हणत्यात अण्णा."

"पहार कधी हातात घेतलीच नव्हतीस?"

"घरात पहार हाय मॅडम. वर्षातनं धा कामाला लागती."

"रत्नाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या आहेत?"

अनुजा इतका वेळ ठणठणीत बोलत होती. नको म्हटलेली भडंगाची पुडी तिनं आता उगाच जवळ ओढली. "तेच तर कळंना. भरतीसाठी मी पहाटं पळायला जायची, तर पाचच्या ठोक्याला खिडकीतनं हाक त्याच मारायच्या. 'अनुजा, ऊठ की गं.' सात महिने."

संयोगितानं टेप पिशवीत टाकला.

* * *

रिपरिप थांबली होती. वाटेच्या तोंडाशी गणपतराव दोन बैल बांधून उभे होते. शिंगांचा लाल रंग अजून ओला वाटावा इतका ताजा होता.

"मोजा, मोजा," ते म्हणाले. "आम्हाला दुसऱ्याची जागा ढापायची असती तर दोन फूट कशाला, सगळीच वाट न्हेली असती!"

"आजोबा, गप बसा," अनुजा म्हणाली.

संयोगितानं मोजलं. सरनोबतांकडे सात फूट, मगदुमांकडे तीन. दगडाची जुनी जागा नीट बुजवून वर माती चोपली होती. त्या जुन्या जागेपासून हातभर अंतरावर, सरनोबतांच्या बाजूला, वडाचं वीतभर रोप होतं. त्याला सुताचे वेढे होते, मळून मातीच्या रंगाचे झालेले.

"नातीचा उद्योग," गणपतराव म्हणाले. "मोठा झाला की दोन्ही घरं उचलून टाकील."

सयाजीनं दगडाच्या बुडाशी बोटानं उकरलं. दगड हलू नये म्हणून खाली फरशीचे तुकडे ठोकले होते. निळे.

"ताई, मला एक कळतंय," गाडीआड संयोगिताला ओढून सयाजी कुजबुजला. "दगड मगदुमांच्या जागेत गेलाय. आपलीच जागा कमी करून घेणारा येडा असतो काय? म्हणजे हे काम सरनोबतांतल्याच कुणाचं तरी."

"सगळ्यांना तसंच वाटतंय," संयोगिता म्हणाली. "ज्यानं सरकवला त्याला हेच तर पाहिजे असणार."

सयाजीला हे पटलं नाही. पण कांद्याचा विषय पुन्हा निघू नये म्हणून तो गप्प बसला.

* * *

अण्णासो मगदूम सरळ माणूस, फक्त रागानं बहिरे व्हायचे. तक्रारीचा कागद त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. कागद मुलानं, पारसनं लिहिला होता.

"'बेंदराच्या दिवशी सकाळी कुमारी अनुजा ही पहार घेऊन हद्दीच्या दगडापाशी खणत असताना माझ्या पत्नीने समक्ष पाहिले.' खाली तारीख हाय. झालं की! आन् काय पाहिजे?"

"रत्नाबाईंशी बोलू?"

रत्नाबाई स्वयंपाकघरात डाळ निवडत होत्या. कर्नाटक सीमेलगतच्या, शिरोळकडच्या एका खेड्यातलं माहेर. चाळीस वर्षं कोल्हापुरात काढूनही बोलण्यातलं माहेर तसंच राहिलं होतं. डोळे सुजलेले होते.

"बघितली की. खोटं कशाला बोलू? बेंदराचा दिवस. माझं पुरण शिजत हुतं. खिडकीतनं बघितलं तर ही पोरगी पहारीनं खणत हुती, दगडाला लागूनच. तेवढ्यात शालूअक्का वाटंनं आल्या."

"शालूबाई म्हणजे अनुजाची आजी?"

"व्हय. नथ घालून, हिरवी साडी नेसून. ताटात आंबे, फणसाचे गरे, मनगटाला सुताची गुंडी अडकवलेली. मला खिडकीतनंच एक आंबा दिला. ग्वाड हुता." त्या थांबल्या. "तक्रार कराय मी सांगितलं न्हाई हो. पारसनं इचारलं, दगडापाशी कधी कुणाला बघितलीस काय? अनुजाला बघितली, म्हटलं, बेंदराला. एवढंच. मला वाटलं, त्या दिवशी जरा ढिला केला असंल."

संयोगितानं डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "अनुजावर माया आहे तुमची."

"लेक न्हाई मला," रत्नाबाई म्हणाल्या.

पारसची खोली माडीवर होती. तो तिशीचा, अदबशीर, मोजकं बोलणारा. टेबलावर इमारतीचा नकाशा पसरला होता: पाच मजले, एकच फाटक आणि कडेनं सलग भिंत. पायाखाली निळी फरशी लकाकत होती.

"छान आहे फरशी," संयोगिता म्हणाली.

"गेल्या महिन्यात बसवली. उरलेल्या दोन पेट्या इथंच माळ्यावर आहेत. बाजारात हा रंग आता मिळत नाही."

"आणि ही इमारत कुठं होणार?"

"नुसता विचार आहे," म्हणत पारसनं नकाशा गुंडाळला आणि त्यांना पोचवायला खाली आला.

जिन्याच्या कोनाड्यात मातीचे दोन बैल ठेवलेले होते. सयाजीचा हात आपोआप पुढे गेला.

"हात नका लावू हं," पारस हसत म्हणाला. "आईचे बेंदराचे बैल. महिना झाला, धूळ खातायत, पण ती हलवू देत नाही."

संयोगिता जिन्यात क्षणभर थांबली. मग म्हणाली, "अण्णा जेवायला कधी बसतात?"

"साडेसहाला. का?"

"सहाला सगळ्यांनी दगडापाशी या. दहा मिनिटांचं काम आहे."

* * *

सहाला वाटेत दोन्ही घरं जमली. मगदूम तीन फुटांत उभे, सरनोबत सात फुटांत. शालूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. अनुजा भिंतीला टेकून उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"ताट वाढलंय माझं," अण्णासो म्हणाले. "लवकर बोला."

"बोलते. रत्नाबाई खरं बोलतायत. बेंदराला अनुजा इथं पहार घेऊन खणत होती."

"आँ?" सयाजी म्हणाला. गणपतरावही तेच म्हणाले, फक्त जास्त मोठ्यानं.

"अनुजाही खरं बोलतेय. बेंदराला ती शाहूवाडीला होती." संयोगिता शालूबाईंकडे वळली. "आजी, नथ, हिरवी साडी, ताटात आंबे आणि गरे, मनगटाला सूत. कुठून येत होता तुम्ही?"

"वडाची पूजा करून," शालूबाई म्हणाल्या. "दुसरं कुठनं?"

"म्हणजे दिवस कुठला?"

"वटपौर्णिमा." आणि शालूबाईंचा हात तोंडावर गेला.

"वटपौर्णिमा ज्येष्ठात. पाच दिवसांपूर्वी झाला तो बेंदूर आषाढातला. मग रत्नाबाईंना बेंदराच्या सकाळी वटपौर्णिमेची पूजा करून येणाऱ्या आजी कशा दिसल्या? कारण जिल्ह्यात बेंदूर दोन आहेत. तुम्ही करता तो महाराष्ट्रीय बेंदूर. शिरोळकडं करतात तो कर्नाटकी, ज्येष्ठ पौर्णिमेला. वटपौर्णिमा आणि तो एकाच दिवशी येतात. रत्नाबाईंनी सांगितला माहेरचा बेंदूर. ऐकणाऱ्या प्रत्येकानं आपापला बेंदूर ऐकला."

अनुजा भिंतीपासून सरळ झाली. "त्या दिवशी मी वड लावत होते! आज्जी फांदी तोडून आणून पुजायची, म्हणून पुढच्या सालासाठी मीच रोप आणलं. मनगटाचं उरलेलं सूत आज्जीनं त्यालाच गुंडाळलं..."

"सुताचे वेढे मळलेत, ते म्हणूनच. महिन्याचा पाऊस खाल्लाय त्यांनी."

अण्णासोंनी बायकोकडे पाहिलं. "बेंदूर म्हणजे बेंदूर! तू सांगायचं न्हाईस व्हय, कुठला ते?"

"मला दुसरा हाय कुठं?" रत्नाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्या घरात मी दोनदा पोळ्या करते. एक माझ्या बेंदराला, एक तुमच्या. दोन्ही टायमाला पोट भरून खाल्लासा. एकदा तरी इचारलं, ह्या पोळ्या कशाच्या म्हणून?"

 वीस वर्षं भांडलेल्या गणपतरावांनाही अण्णासोंकडे बघवेना. ते बैलाची वेसण नीट करू लागले.

"मग दगड कुणी सरकवला?" सयाजीनं विचारलं.

"रत्नाबाईंशिवाय घरात आणखी एका माणसाला दोन्ही बेंदूर माहीत होते." संयोगितानं पारसकडे पाहिलं. "सरनोबतांच्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा आहे आणि तुमच्या आईच्या बैलांवर धूळ. 'महिना झाला', हे तुम्हीच सांगितलंत. आईचा बेंदूर कधी झाला हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी कागदावर तारीख घातलीत पाच दिवसांपूर्वीची. वडिलांची ही चूक झाली असती. तुमची नाही."

"तारीख लिहिताना गडबड झाली असेल," पारस म्हणाला.

"सयाजीराव, दाखवा."

सयाजीनं दगडाच्या बुडातला निळा तुकडा काढून पारसच्या तळहातावर ठेवला.

"हा रंग बाजारात मिळत नाही म्हणालात. उरलेल्या दोन पेट्या तुमच्या माळ्यावर आहेत. सरनोबत मळ्यात गेले, घराला कुलूप लागलं, तेव्हा तुम्ही दगड आपल्याच जागेत घेतलात. सोमवारी कागद झाला असता तर वाट कायमची सामाईक राहिली असती आणि तुमच्या नकाशातली सलग भिंत कधीच उभी राहिली नसती. अण्णांनी शब्द दिला होता. तो मोडायला भांडण लागत होतं, आणि भांडणाला एक नाव."

पारसनं तुकडा मुठीत मिटला. "मला तिचं वाईट करायचं नव्हतं," तो म्हणाला. "आईनं तिचंच नाव घेतलं."

"तिची नोकरी जाणार हे माहीत होतं का?"

त्यानं मान खाली घातली. संयोगिता रागावली की आवाज चढवत नसे, पण सयाजी दोन पावलं मागे सरकला.

"दोन फूट जमिनीला मी अठरा वर्षांत पुष्कळ माणसं भांडताना पाहिली," ती म्हणाली. "पण ती स्वतःच्या नावानं भांडायची."

अण्णासोंनी खिशातली तक्रार काढली, चार तुकडे केले आणि ते परत खिशातच ठेवले, कारण वाटेत कचरा टाकण्यावरूनही एकदा भांडण झालं होतं. मग ते अनुजापुढे गेले. 

"पहार आण, बाळ," ते म्हणाले.

तिनं आणली. तिच्या हातातून पारसनं घेतली. वडाच्या रोपाला धक्का न लावता दगड मूळ जागी बसवायला त्याला तासभर लागला. टेप संयोगितानं धरला होता. गणपतराव "डावीकडं, डावीकडं" म्हणत राहिले, आणि अण्णासो "उजवीकडं". पाच फूट, पाच फूट झालं तेव्हा सूर्य मावळून गेला होता.

"अण्णा, तुमचं जेवण," शालूबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे. आज उपास." त्यांनी गणपतरावांकडे पाहिलं. "सोमवारी कागद करायचा न्हवं?"

"करायचा की."

रत्नाबाई आत जायला निघाल्या आणि खिडकीखाली थांबल्या. अनुजा अजून दगडापाशीच उभी होती.

"उद्या पाचला हाक मारू काय गं?" त्यांनी विचारलं.

अनुजानं डोळे पुसले. "मारा की, काकू," ती म्हणाली. "तुम्ही हाक मारली न्हाई, म्हणून चार दिवस पळायला गेली न्हाई मी."