दीड बोट खाली

वहिनी आणि मी गेली अकरा वर्षं जुन्या कपड्यांचे नवे कपडे करून देतो. नवऱ्याच्या शर्टाचा बायकोला टॉप, पडद्यांचे फ्रॉक, फाटक्या जीन्सच्या पिशव्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. उसवणं तिचं, कापणं माझं, आणि जिचं मशीन मोकळं ती शिवायला बसते. माझ्या घराची पुढची खोली हेच आमचं दुकान.

वाचनालयातल्या बाई तो कोट घेऊन आल्या तेव्हा दुपार होती. पुरुषाचा, तपकिरी, लोकरीचा. जुन्या कपड्यांच्या ढिगात त्यांना सापडला होता.

“कुणाचा होता देव जाणे. पण कापड बघा ना! मला याचं आखूड जाकीट करून द्याल?”

मी मापं घेतली, वहिनीनं वहीत लिहिली. बाईंचा बांधा जवळजवळ माझ्यासारखाच निघाला.

वहिनीनं कोट उसवला. मूळ मालकाचा डावा खांदा बराच उतरता असावा, कारण कापड त्या बाजूला घासून पातळ झालं होतं आणि शिवण तिरकी होती. तो भाग मी काढूनच टाकला. बाकीचं कापड उलटून, इस्त्री करून, दोन्ही खांदे समान ठेवून नव्यानं बेतलं. संध्याकाळपर्यंत जाकीट शिवून झालं.

सकाळी बटणांच्या जागा पाहायला मी ते अंगात घालून आरशासमोर उभी राहिले. डावा खांदा उतरला होता. काढून टेबलावर पसरलं, मोजलं. दीड बोट खाली.

माझीच चूक, असं म्हणून उसवलं आणि पुन्हा शिवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा दीड बोट.

“लोकर आहे, ओघळली असेल,” वहिनी म्हणाली.

“एकाच बाजूला?”

तिनं मान वर केली नाही. काज करत राहिली. ते मला खटकलं.

खरं सांगायचं तर संशय आधीच डोक्यात होता. त्या आठवड्यात मी तिला फोनवर बोलताना ऐकलं होतं, “इथून निघायचं बघते.” तिची बहीण केव्हापासून वेगळं दुकान काढ म्हणून तिच्या मागे लागली होती. माझं काम बिघडलं, गिऱ्हाईक तुटलं, तर निघायला तिला निमित्त मिळणार होतं.

म्हणून तिसऱ्यांदा शिवताना मी खांद्याच्या शिवणीत आतून बारीक लाल दोरा घातला आणि दोन्ही टोकांना गाठ मारली. शिवण कुणी उसवली तर दोरा तुटणारच. जाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. लाल दोराही अखंड, दोन्ही गाठी जागेवर. मी जाकीट घातलं.

दीड बोट.

शहाण्या माणसानं तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की वहिनीचा हात फार सफाईचा आहे.

“दुसरी किल्ली कुठेय?” ती आल्या आल्या मी विचारलं.

“कसली?”

“साळसूदपणा पुरे. जायचंय तर सरळ जा. माझं काम नासवून कशाला जातेस?”

तिनं हातातली कात्री टेबलावर ठेवली. “अगं, अकरा वर्षांत तुझा एक टाका तरी मी तुला न विचारता उसवलाय का?”

तिनं चपला घातल्या आणि गेली.

पुढचे दोन दिवस मी एकटी होते. खिडकी लावलेली, कुलूप नवं. मी शिवत होते, रोज सकाळी घालून बघत होते आणि पुन्हा उसवत होते. दुसऱ्या दिवशी मात्र जाकीट अगदी नीट बसलं. दोन्ही खांदे सरळ. मला हायसं वाटलं. वहिनी गेली आणि खोड गेली, असंच मी धरून चालले.

दुपारी बाई आल्या. त्यांनी जाकीट चढवलं आणि आरशात पाहून एकदम खुलल्या.

“जन्मात कुठलाच कपडा इतका नीट बसला नव्हता हो मला!”

खरंच बसलं होतं. एक सुरकुती नव्हती. खात्रीसाठी मी टेप घेतली. बाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड बोट खाली होता.

त्यांनी मान वळवून विचारलं, “काय झालं?”

“काही नाही.”

त्या गेल्यावर मी वही काढली. वहिनीच्या अक्षरात दोन्ही खांद्यांची मापं समान होती. म्हणजे तिनंच लिहिताना घोटाळा केला होता! मला राग यायला हवा होता, पण सुटल्यासारखं वाटलं. निदान बाईंच्या खांद्याचा तरी उलगडा झाला होता. वही काखेत मारून मी तडक भावाच्या घरी गेले.

वहिनीनं दार उघडलं. पाणी दिलं. मी माफी मागितली, बाईंच्या खांद्याचं सांगितलं, मग वही पुढे केली.

तिनं बराच वेळ पान पाहिलं. “माप तू घेतलंस. दोनदा घेतलंस, मला आठवतंय. तू सांगितलंस तेच मी लिहिलं.”

“मग आज...”

“ते जाकीट मी एकदाही अंगाला लावलं नाही,” ती हळूच म्हणाली. “तू?”

“रोज घालत होते. आज सकाळीसुद्धा. आज तर छान बसलं.”

वहिनी उठली. माझ्यासमोर येऊन तिनं माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

“सरळ उभी राहा,” ती म्हणाली.

मी सरळच उभी होते.