दोन फ्लॉप्या आणि एक मंडई

"ओ बाई, चपला बाहेर काढा!"

स्वतःच्याच घरात आपल्याला कोणी असं दटावेल, हे कुंताच्या स्वप्नातही नव्हतं. पावसात भिजून, पदराखाली पेपर झाकून ती बसस्टँडवरून आली होती. पाहते तर बैठकीच्या टेबलाखाली एक अनोळखी पोरगा ओणवा, तोंडात वायर.

"घर माहं, चपला माह्या... तुमी कोण जी?"

"मी श्रावण... भंडाऱ्याच्या दुकानातून आलो. धूळ गेली तं मशीन बिघडते, म्हणून..." वायर तोंडातून पडली. त्यानं वर पाहिलं, आणि पुढचं वाक्य विसरलाच बिचारा!

कुंतानं चपला काढल्या. का काढल्या, ते तिलाही कळलं नाही.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, मोहाडीची. कम्प्युटरचा थाट तेव्हा देवघराचा होता. कुंताचे वडील वासुदेवराव धानाची गिरणी चालवायचे, पण जीव अडकलेला शेअरबाजारात. संध्याकाळच्या एस.टी.नं नागपूरचा पेपर यायचा आणि कुंता आलेखाच्या कागदावर भावांची टिंबं मांडून रेघ जोडायची. गिरणीतल्या बाया म्हणायच्या, पोरगी रांगोळी काढून राहिली. आता वासुदेवरावांना तेच काम मशीनवर हवं होतं. दुकानदारानं आलेख काढणारे दोन प्रोग्रॅम दोन फ्लॉप्यांत देऊन श्रावणला पाठवलं. दोन्ही चालवून पाहा, बरा वाटेल तो ठेवा, दुसरा परत.

श्रावण आसगावचा, धानाच्याच घरचा. पहिल्याच चहाला कुंताच्या आईनं, मंदाबाईनं, त्याच्या मामाचं गाव विचारून घेतलं. बायकांच्या नजरेला काय दिसतं, देव जाणे!

मग रोज संध्याकाळी तो यायचा. कुंता भाव वाचायची, तो बटणं दाबायचा. हिरव्या काचेवर रेघ सरसर चढायची आणि तो रेघ सोडून तिच्या ओल्या वेणीकडे पाहत बसायचा.

"पडद्याकडे पाहा जी," ती म्हणायची.

"पाहूनच राहिलो..."

एकदा पुलावरून पाणी गेलं. एस.टी. आली नाही, पेपर आला नाही. दुसऱ्या दिवशी पहिली फ्लॉपी लावली तर वासुदेवरावांनी शेअर घेतलेल्या सिमेंट कंपनीची रेघ एकदम तळाला!

"अगो माय! बाबूजीच्या कंपनीचं दिवाळं निघालं का?"

श्रावण पोट धरून हसला. "कालचा भाव नाही दिला, तं यानं शून्य धरलं."

दुसरी फ्लॉपी लावली. तिनं परवाच्या टिंबावरून आजच्या टिंबावर सरळ रेघ ओढली, जणू मधला दिवस नव्हताच.

"अन् तुमी काय करता?" त्यानं विचारलं.

"कोरी जागा सोडून द्यायची. जे माहीत नाही, ते काढायचं कायले?"

तो तिच्याकडे पाहतच राहिला. कुंताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याला हा आवडतो, असं तिनं त्या क्षणी मनाशी अगदी स्पष्ट म्हटलं. उगाच आढेवेढे घेणाऱ्यातली ती नव्हतीच.

खरं तर निकाल तेव्हाच लागायला हवा होता. पण निकाल लागला की श्रावणचं येणं संपलं! मग काय, दोघं मिळून खोटी कारणं शोधू लागले. याची अक्षरं बारीक आहेत. त्याला छापायला वेळ लागतो. हा मधेच अडतो.

"दोन फ्लॉप्या पाहाले इतके दिवस?" वासुदेवराव करवादले. "याच्यापेक्षा धानाच्या लोंब्या लवकर निसवते! मंडईच्या दिवशी मले निकाल पाहिजे."

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतरची जत्रा. नाटक, दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ, घराघरात पाहुणे... आणि पाहुण्यांच्या गर्दीत सोयरिकी. मंदाबाईनं शिंगाडे निवडता निवडता हळूच सांगितलं, "त्याच दिवशी तुमसरचे पाहुणे येऊन राहिले. तुले पाहाले."

श्रावण दारातच उभा होता. त्यानं ऐकलं, चपला पायात घातल्या आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. कुंता पेपर घेऊन बंद मशीनसमोर बसायची. रडू यायचं, मग स्वतःचाच राग यायचा. एक शब्द बोलायला काय झालं होतं त्याला? आणि आपल्याला तरी?

मंडईचा दिवस उजाडला. दुपारी ओसरीवर तुमसरचे पाहुणे टेकले, दाराशी चपलांचा हा ढीग! आणि त्या ढिगात आपल्या चपला काढून श्रावण आत आला. चेहरा उतरलेला, हातात फ्लॉप्यांचं पाकीट.

"बोल गा," वासुदेवराव म्हणाले, "कोणती ठेवू?"

"पहिली ठेवा जी."

कुंता हातात शिंगाड्यांचं ताट घेऊन तशीच थिजली. संपलं.

"अरे, ते तं रेघ तळाले नेते!"

"नेते जी. अन् दुसरी सरळ ओढते, जसं काही झालंच नाही." त्यानं कुंताकडे पाहिलं. "पण या दिवसाइत मी इथं नाही आलो, तं... माही रेघ तळालेच गेली होती. सरळ नाही गेली. म्हणून पहिली खरी बोलते, असं मले वाटते..."

पाहुण्यांच्या हातातला विडा हातातच राहिला.

कुंतानं ताट खाली ठेवलं. "बाबूजी, माहीही गेली होती. पाहुण्याइले मान द्या, शिंगाडे द्या... पण मले याइच्याच घरी जायचं आहे."

वासुदेवराव एकदा पोरीकडे पाहत, एकदा पाकिटाकडे. "हात्तिच्या! म्हणून इतके दिवस लागले काय?"

तुमसरचे म्हातारे पाहुणेच आधी हसले. मंदाबाई मात्र उठली. दाराशी गेली, चपलांच्या ढिगातून श्रावणच्या चपला नेमक्या उचलल्या आणि आत, घरच्या माणसांच्या चपलांशेजारी आणून ठेवल्या.

"बाहेर गर्दी आहे," ती म्हणाली. "जावयाच्या चपला कोणी घालून गेलं म्हणजे?"