डेन्झिलकाकाचे नऊ ठोके

दार ओढून घ्या रे, आणि ते मोबाईल खिशात घाला. उद्यापासून तुम्ही चौघं पाहुण्यांना आपल्या क्विन्स फ्लॅट गावातल्या भुताच्या जागा दाखवायला निघणार, तर आज एवढं ऐकूनच घ्या. ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. रॉस युरेन त्याचं नाव. सोन्यासाठी हा डोंगर ज्यांनी पहिल्यांदा फोडला, त्यांच्यातल्याच एकाचा पणतू. तोही तुमच्यासारखाच काळा कोट घालून, कंदील हातात घेऊन फिरायचा.

तारीख एकोणीस ऑक्टोबर, साल दोन हजार एकोणीस, वार शनिवार. संध्याकाळी सहाला रॉस नदीपलीकडे एका सुताराकडे गेला होता. काम साधं होतं. त्याच्या काकाच्या हातोडीचा दांडा तडकला होता, तो नवा बसवून घ्यायचा. तो सुतार म्हणजे मीच. पांढऱ्या लाकडाचा कोरा दांडा बसवला, तेलाचा हातसुद्धा फिरवला नाही, आणि कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून त्याच्या हातात दिला. हे लक्षात ठेवा.

हा काका म्हणजे डेन्झिल युरेन. चाळीस वर्षं खाणीत काढलेली, त्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गमावलेलं. म्हातारपणी या भूतफेऱ्यांच्या मालकानं, म्हणजे त्या मर्विन स्लेडनं, त्याला काय काम दिलं? जुन्या खाणीत फळ्यांच्या आड, आडबोगद्यात बसायचं. पाहुणे आले की हातोडीनं लोखंडी रुळावर तीन ठोके द्यायचे. रॉस बाहेरून म्हणायचा, "गाडले गेलेले खाणकामगार बोलतायत." की पाहुणे किंचाळायचे.

स्लेडला तीनावर समाधान नव्हतं. त्याला नऊ हवे होते. आता खाणीत नऊ ठोके म्हणजे काय, हे या गावात शेंबडं पोरही सांगेल. नऊ म्हणजे धोका. ऐकले की हातातलं टाकायचं आणि बाहेर पळायचं. डेन्झिलनं स्लेडला तोंडावर सांगितलं होतं, "नऊ मी आयुष्यात दोनदा ऐकलेत. दोन्ही वेळेला खाणीच्या तोंडाशी बायका रांगेनं उभ्या होत्या. त्याचा तमाशा माझ्या हातून होणार नाही. आणि नऊचं सोड, आधी तो छताखालचा कुजलेला खांब बदल."

स्लेडनं खांब बदलला नाही. काळा रंग फासला आणि वर दुकानातली कोळ्याची जाळी लावली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ती!

तर रॉस परत निघाला, आणि पुलावर गाड्या तुंबलेल्या. काकाचा फोन आला.

"झाली का रे हातोडी?"

"झाली काका, पण मी अडकलोय. तुम्ही आत जाऊन बसा. येताना फळीच्या फटीतून देतो."

"आणि माझी खिम्याची पेस्टी?"

"घेतलीय. गार होणार पण."

"होऊ दे. तुझ्या काकूच्या हातच्या गरमपेक्षा दुकानातली गार बरी."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. सातला दहा कमी होते.

रॉस पोचला तेव्हा आठ वाजत आलेले. पाहुणे ताटकळलेले, स्लेड डोळे वटारून उभा. गडबडीत हातोडी आणि पेस्टी गाडीतच राहिली, गाडीला कुलूप. वाटेत आठवलं तेव्हा त्यानं मनाशी म्हटलं, वाजवतील काका दगडानं.

आधी हॉटेलची सहा नंबरची खोली. तिथं मेलेल्या बाईच्या अत्तराचा वास येतो म्हणतात. येणारच, हॉटेलचा पोऱ्या पाच मिनिटं आधी बाटली फवारून जातो. मग जुना तुरुंग. एका जाड्या पाहुण्यानं फासाच्या दोरीत मान घातली, जीभ बाहेर काढली आणि बायकोला म्हणाला, "काढ फोटो!" मग दफनभूमी. तिथं खाणीत मेलेल्या पोरांच्या थडग्यांवर बसून दोघी चिप्स खात होत्या, आणि खरकटी बोटं त्या दगडालाच पुसत होत्या. त्यातल्या एका दगडावर युरेन हे नाव होतं. रॉसला त्या लोकांची शिसारी आली, आणि त्यांच्यापुढे कंदील धरणाऱ्या स्वतःची त्याहून जास्त.

नऊ वाजून दहा मिनिटांनी सगळे खाणीत शिरले. तेवीस माणसं. त्या रंगवलेल्या खांबाखाली दाटीवाटीनं उभी राहिली.

रॉसनं कंदील बारीक केला. नेहमीचं वाक्य म्हटलं. "गाडले गेलेले खाणकामगार... बोलतायत."

काहीच नाही.

मग एक ठोका. दगडाचा नाही. लोखंडावर लोखंड.

दोन. तीन. पाहुणे किंचाळले, हसले.

चार... पाच...

रॉसचं हसू गेलं.

सहा... सात...

सावकाश. एकसारखे. मोजून दिल्यासारखे.

आठ...

...नऊ.

खरं म्हणजे तिथंच त्यानं पळायला हवं होतं. रक्तात असतं ते. पण त्याच्या डोक्यात काय आलं? म्हातारा विकला गेला! स्लेडनं चार नोटा जास्त टेकवल्या आणि यानं नऊ वाजवले. ते दगडावर पुसलेले हात, ती बाहेर काढलेली जीभ, आणि आता हे. तो फळ्यांपाशी गेला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "तुम्हीपण काका? लाज वाटू द्या!" आणि फळीवर थुंकला.



"चला, बाहेर व्हा! संपला तमाशा!" त्यानं पाहुण्यांना अक्षरशः हाकललं. कुणी कुरकुरलं, कुणी शिव्या दिल्या. शेवटचा माणूस फाटकाशी आला...

आणि मागे डोंगर बसला.

आधी धूळ आली. मग आवाज. मग काहीच नाही. तेवीस माणसं जिथं उभी होती, तिथं छत जमिनीला टेकलं होतं.

रॉस नखांनी माती उकरत होता. "काका! काका, ठोका द्या! एक द्या नुसता!"

एकही आला नाही.

पहाटे चारला आगीच्या बंबवाल्यांनी वरच्या बाजूनं आडबोगद्यात वाट काढली. डेन्झिल मोठ्या ढिगाऱ्याखाली नव्हताच. आत, त्याच्या बसायच्या जागी, वरून सुटलेली एकच शिळा त्याच्या अंगावर आली होती. मनगटातलं घड्याळ फुटलेलं. काटे सात पंचविसावर. डॉक्टर म्हणाला, जागच्या जागी गेला, कळलंही नसेल.

सात पंचवीस. आणि ठोके नऊ दहाला.

"रुळावर आपटायला आसपास काही सापडलं का?" रॉसनं विचारलं. बंबवाल्यानं मान हलवली. रूळ होता. बाकी लोखंडाचा तुकडा नाही.

पुढच्याच शुक्रवारी स्लेडनं गल्लीत नवा फलक लावला: आता आमच्याकडे खरं भूत. डेन्झिलचा फोटोसुद्धा छापला, काकूला न विचारता. रॉसनं तो फाडला, कोट स्लेडच्या तोंडावर फेकला आणि गाव सोडलं. त्याला दुःखापेक्षा त्या थुंकीचा त्रास जास्त होता. मला म्हणाला, "माणूस मेल्यावरही आम्हाला वाचवायला उठला, आणि मी त्याच्यावर थुंकलो." सांगताना तो पुन्हा पुन्हा तोंड पुसत होता.

जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. गाडी त्या रात्रीपासून उघडलीच नव्हती म्हणाला. तिच्यापाशी जाऊन आम्ही दोघांनी मिळून कुलूप काढलं. पेस्टीला बुरशी आलेली, वास सहन होईना. कागदातली हातोडी जशीच्या तशी, दोरीला माझी गाठ. मीच सोडली.

स्लेड उद्या तुम्हाला खाणीत नेणार आहे, नवीन खांब घातलाय म्हणे. त्यावरही काळा रंगच आहे. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

फक्त ही हातोडी बघून जा. घे, धर. दिव्याजवळ ने. कोरा दांडा दिला होता मी. आता त्याच्यावर हा काळा ठसा आहे ना, खाणीतल्या वंगणाचा, घट्ट मुठीचा? घासून पाहिलं, तासून पाहिलं, जात नाही.

बोटं मोज. अंगठा धरून...

मोठ्यानं मोज.

हं. तीनच.